खोकल्याची मुलगी

ताईनं आणि मी एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसून लोकांचे दात बनवले. दातांच्या डॉक्टरकडून पेशंटच्या जबड्याचा ठसा यायचा, त्यात प्लास्टर ओतून आम्ही साचा काढायचो, मग मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करायचो. लॅबमधले सगळेच तिला ताई म्हणायचे, तशी मीही; तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ. नुसता साचा उजेडात धरून ती सांगायची, हा माणूस झोपेत दात खातो, किंवा ही बाई एकाच बाजूनं चावते, दुसरीकडे काहीतरी दुखत असणार. आणि तसंच निघायचं. मालकांचं तिच्यावाचून पान हलत नसे, पण पगारवाढीचा विषय निघाला की त्यांना कमी ऐकू यायचं.

ही गोष्ट तिनं मला एका बैठकीत सांगितलेली नाही. डबा खाताना, हात धुताना, कधी बसस्टॉपवर, अशी तुकड्यातुकड्यानं कळत गेली. तिच्या घरी मी चार-पाच वेळा गेले होते, त्यामुळे थोडंफार डोळ्यांनीही पाहिलं. बाकी सगळं तिच्या तोंडून.

तिचे वडील लिफ्टचे मेकॅनिक. चौतीस वर्षं ते इमारतींच्या गच्चीवरच्या त्या कोंदट मशीनरूममध्ये काम करत होते. जिन्यात उभं राहून नुसत्या आवाजावरून ते सांगत, हिचा दोर झिजलाय. माणूस मोजकं बोलणारा, आणि बोलला की विषय संपला. घरात त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या तोंडात जी कवळी होती ती ताईनंच केलेली, वरची आणि खालची, दोन्ही. तिच्याबद्दल ते अकरा वर्षं एवढंच म्हणत आले की डावीकडे जरा टोचते.

त्यांना शौक एकच, रविवारची रेस. रेसकोर्सवर मात्र ते उभ्या आयुष्यात गेले नाहीत, गर्दीचा तिटकारा. बायको गेल्यावर रविवार खायला उठायला लागला, तेव्हा कुणीतरी त्यांना एका बुकीचा फोन नंबर दिला. तेव्हापासून घरी हॉलमधल्या खुर्चीत बसायचं, टीव्हीवर रेस लावायची, आणि प्रत्येक रेसच्या आधी फोन करून घोडा सांगायचा. लावायचे ते इतके थोडे, की त्यावर बुकीचा चहाही सुटला नसता. त्यांचा सगळा भर वजनांवर, म्हणजे चांगल्या घोड्यावर रेसवाले जे जादा वजन लादतात त्यावर. कुठल्या घोड्यावर किती वजन ठेवलंय, मागच्या वेळी किती होतं, हे ते लाल पेन्सिलीनं मांडून बघत. घोडाही शेवटी वजनाच्या तोलावरच चालतो, अगदी लिफ्टसारखा, असं त्यांचं ठाम मत. घोड्यांना ते मान्य नसावं, कारण वडील बहुतेक हरायचे.

फोनवर बुकीचा जो माणूस असायचा तो दर वाक्याला खोकायचा. वडिलांनी त्याचं नाव खोकल्या ठेवलं होतं. चोवीस वर्षं दर रविवारी दोघं बोलले, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग वडील विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि ताईला शांतपणे सांगितलं की हे आता मागे फिरणारं नाही. एका सोमवारी आमच्या लॅबमध्ये ताईचा मोबाइल वाजला; तिचा नंबर वडिलांनी कधीकाळी हिशेबासाठी म्हणून बुकीकडे देऊन ठेवला होता. पलीकडून आधी खोकला ऐकू आला. तो माणूस म्हणाला, "ताई, काल तुमच्या वडिलांनी एकाच रेसला एकच घोडा चारदा लावला. मला त्यांचे पैसे नकोत. तुम्ही त्यांना थांबवा."

ताईनं थांबवून पाहिलं. टीव्ही बिघडलाय म्हणून सांगितलं. तर वडील शर्ट घालून रेस शोधायला निघाले, आणि संध्याकाळी एका पेट्रोलपंपावर सापडले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. पुन्हा खोकल्याचा फोन आला तेव्हा तिनं त्याला हे सांगितलं. त्यानं बराच वेळ विचार केला. मग जे सुचवलं ते त्याच्याच डोक्यातून आलं. पुढच्या रविवारी त्यानं वडिलांना सांगितलं, साहेब, मी आता थकलो, यापुढे माझी मुलगी फोन घेईल. वडिलांच्या फोनवर एक नंबरचं बटण दाबलं की खोकल्याला फोन लागायचा, तिथे ताईनं स्वतःचा मोबाइल नंबर भरला. कसं बोलायचं तेही त्यानंच शिकवलं. "बोला साहेब" म्हणायचं, सांगितलेला घोडा एकदा परत म्हणून दाखवायचा, आणि फालतू गप्पा मारायच्या नाहीत. खरं तर त्याला दोन मुलगेच होते, मुलगी नव्हती. तो ताईला म्हणाला, "आता झाली."

आवाज ओळखतील ही तिला धास्ती होती. पण वडिलांना ऐकू कमी येई, फोनचा आवाज त्यांनी पूर्ण वाढवून ठेवलेला, आणि ताई जरा खालच्या पट्टीत बोलायची. शिवाय तोपर्यंत घरातल्या ताईलाही ते कुठे ओळखत होते? त्यांच्या लेखी ती कामाला ठेवलेली कुणी एक बाई होती. ते तिला "बाई" म्हणत, अहो-जाहो करत, आणि जेवण झालं की आठवणीनं आभार मानत. ताई म्हणायची, मुलगी होते तेव्हा कधी मानले नाहीत, बाई झाले तर रोज मानतात.

तर रविवारी ते हॉलमध्ये आणि ती स्वयंपाकघरात, दार लोटलेलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पंखा लावलेला. घोडा जिंकला तर सोमवारी बुकीकडून येई तसं पैशांचं पाकीट दाराखालून आत सरकवायचं, तेही तीच करायची. सुरुवातीला तिला याचं हसू यायचं. मग हळूहळू वडील फोनवर रेंगाळू लागले. खोकल्याशी चोवीस वर्षांत ते घोड्यापलीकडे बोलले नव्हते, पण त्याच्या मुलीला ते "पोरी" म्हणायला लागले. एकदा तिनं विचारलं, साहेब, आज बोलणं जरा अडखळतंय, दात दुखतात का? ते म्हणाले, "छे. माझ्या मुलीनं केलेत माझे दात. अकरा वर्षं झाली, एक फोड आला नाही तोंडात. असा हात मी कुणाचा पाहिला नाही."

हे मला सांगताना ताईच्या हातात मेणाची पट्टी होती. ती तिनं ज्योतीवर इतकी धरली की थेंब थेंब टेबलावर गळली.

आता तो रविवार. सात रेसचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आल्यावर तिनं ॲप्रनसुद्धा न घालता मला सगळं सांगितलं, म्हणून तो दिवस मला पाठ आहे.

सकाळपासून वडिलांनी चार वेळा विचारलं, बाई, आज रविवार का? चारही वेळा ती हो म्हणाली आणि चारही वेळा त्यांना आनंद झाला. इस्त्रीचा शर्ट घातला, मनगटावर घड्याळ बांधलं, भिंग आणि लाल पेन्सिल घेऊन रेसच्या पुस्तकात डोकं घातलं. दुपारी दोनला पहिला फोन आला. ताई बटाटे सोलत होती, ओल्या हातानंच तिनं तो घेतला.

"बोला साहेब."

खोकला कसा आहे तुझ्या वडिलांचा, अशी त्यांनी चौकशी केली. आहे तसाच आहे, असं ती म्हणाली. गरम पाणी प्यायला सांग म्हणाले, मग पाच नंबर सांगितला. पाच नंबर शेवटून दुसरा आला. दुसऱ्या रेसला त्यांनी लावलेला घोडा सुटायच्या वेळी फाटकातून बाहेरच यायला तयार होईना. तिसऱ्या रेसला मात्र त्यांचा सात नंबर शेवटच्या वळणावर पुढे निघाला तो निघालाच. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि हाक दिली, बाई, आला! ताई पदराला हात पुसत बाहेर आली आणि कोण आलं म्हणून विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं ते. पण त्यांनी तिला टीव्हीसमोर उभं करून तो घोडा दाखवला, त्याच्यावरचं वजन मागच्या वेळेपेक्षा कसं कमी होतं तेही समजावून सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं. लहानपणी त्यांनी तिला काही समजावून सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं.

चौथ्या रेसच्या आधी फोन आला, पण घोड्याचा नंबर काही आला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पोरी, तू एकटीच आहेस ना? कुणी ऐकत नाही ना?"

"नाही साहेब. बोला."

"इथे एक बाई असते. स्वभावानं चांगली आहे, पण तिच्यासमोर घरचं बोलायला नको." मग म्हणाले, "मला एक मुलगी आहे."

खरं तर त्यांना दोन मुली. धाकटी परदेशात. तिचा नवरा, तिची मुलं, तिचा महिन्यातून दोनदा येणारा फोन, हे सगळं त्यांच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं. एकच उरली होती, ती ही.

ते सांगत गेले. मुलीला एक माणूस आवडला होता. लिफ्टच्या मोटारी जळल्या की त्यांना नवी तार गुंडाळून द्यायचा, त्यांच्याच बरोबर कामाला होता. कामात हुशार, पण वयानं आठ वर्षांनी मोठा, आणि पहिलं लग्न मोडलेला. दुसऱ्या गावी कारखान्यात नोकरी धरून तो निघाला होता आणि मुलगी त्याच्याबरोबर जाते म्हणाली. "मी तिला नाही नाही ते बोललो," वडील म्हणाले. "म्हटलं, गेलीस तर मी समजेन की मला ही मुलगी झालीच नव्हती."

ताईच्या हातातला बटाटा तसाच राहिला. हे सगळं खरं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये झालं होतं. आई तेव्हा आजारी होती, आतल्या खोलीतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी ताई त्या माणसाच्या वर्कशॉपच्या फाटकाशी गेली आणि येत नाही म्हणून सांगून आली. महिनाअखेर तो गेला. पुढे त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं, त्यापलीकडे तिनं चौकशी केली नाही. घरात त्या विषयावर पुन्हा अवाक्षर निघालं नाही.

"मग काय झालं साहेब?" तिनं विचारलं.

"काय व्हायचं? गेली ती."

"गेली?"

"त्याच्याबरोबर गेली. बरंच केलं." ते म्हणाले. "चूक माझी होती, पोरी. तुमच्या धंद्यात गावोगावची माणसं ओळखीची असतात. तिला शोध. सांग, बाप रागावलेला नाही. गेलीस ते बरं केलंस म्हणावं."

ताई मला म्हणाली, "सव्वीस वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते बघ. आणि आलं तेव्हा ते जी गेली तिच्यासाठी आलं. मी तर गेलेच नव्हते."

पलीकडून वडील विचारत होते, सुखात असेल ना ती? हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत. त्यांचा आवाज तिच्या एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात भिंतीपलीकडून, जरा पुढेमागे, असा येत होता.

"हो," ती म्हणाली. "सुखात आहे."

"तुला कसं ठाऊक?"

तिला भान आलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. "मी ओळखते तिला, साहेब."

भिंतीपलीकडून पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग घाईघाईनं म्हणाले, चौथ्या रेसला दोन नंबर लिही. ती रेस केव्हाच सुटून संपलीही होती. तिनं दोन नंबर लिहून घेतला.

पाचवी रेस चालू असताना ताईनं हात धुतले, केस विंचरले आणि ठेवणीतली साडी नेसली. काय करणार हे तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. जाऊन येते, असं म्हणून ती हॉलमधून बाहेर पडली. एक मजला खाली उतरली, तिथे जरा थांबली, परत वर आली आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

वडिलांना दारापर्यंत यायला वेळ लागला. दार उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपुलकीनं विचारलं, "बाई, चावी विसरलात का?"

"बाबा, मी आहे. मी आले."

त्यांनी तिच्यामागे जिन्याकडे पाहिलं.

"तुमची मुलगी, बाबा. मीच."

त्यांचा चेहरा पडला. राग नाही आला. समोरच्या माणसाचं काहीतरी बिनसलंय हे पाहून आपण जसे सांभाळून बोलतो, तसे ते बोलले. "असं दुसऱ्याची मुलगी म्हणून सांगू नये, बाई. माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. ती आली की मला कळेल." मग दार पूर्ण उघडून ते बाजूला झाले. "या आत. तुम्ही फार दमलाय. बसा घटकाभर."

ती आत गेली, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पाच मिनिटांत फोन वाजला. सहाव्या रेसला घोडा सांगून झाल्यावर वडील हळूच म्हणाले, "पोरी, ती बाई आज जरा वेगळीच वागतेय. घरी काही दुःख असेल का गं तिला? मी विचारलेलं बरं दिसणार नाही."

सातव्या रेसला कुठला घोडा सांगितला ते ताईला आठवेना.

त्यानंतर दर रविवारी घोड्याच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, माझ्या मुलीची काही खबर? इतर सगळं विसरणारा माणूस हे मात्र विसरेना. खबर नाही म्हटलं तर दिवसभर जेवत नसत. मग ताई खबर द्यायला लागली. मुलगी दुसऱ्या गावात राहते, दोन खोल्यांचं घर आहे, दुसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर. नवऱ्यानं आता मोटारी वाइंड करायचं स्वतःचं दुकान काढलंय. ती काय करते, असं वडिलांनी विचारलं. दात बनवते, असं ताईनं सांगितलं. ते समाधानानं म्हणाले, मग बरोबर, तीच ती.

आठवडाभर तिच्या डोक्यात ते घर असायचं. बुधवार-गुरुवारी दात घासत घासत, म्हणजे कवळीला पॉलिश करत, ती मला विचारायची, छोट्या घराला कुठल्या रंगाचे पडदे शोभतात गं? मी पिवळे म्हटलं. रविवारी त्या घराला पिवळे पडदे लागले. मग नवऱ्याला एक सवय मिळाली, ओला टॉवेल खुर्चीवर टाकायची. मग शेजारीण आली, ती साखर मागून नेई आणि परत देत नसे. ताई हे इतकं बारकाईनं सांगायची की मलाही ती माणसं दिसायला लागली. एका सोमवारी ती आल्या आल्या हसून म्हणाली, "काल आमचं भांडण झालं. त्या टॉवेलवरून." आणि मग आपण काय बोललो ते कळून ती वळून ज्योत पेटवायला लागली. मी खाली मान घालून काम करत राहिले. मला खरंच भीती वाटली होती.

एकदा मी धीर करून विचारलं, त्या दोघांना मूलबाळ?

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर त्याचा आवाज ऐकव म्हणाले असते."

खोकल्या अधूनमधून तिला फोन करून विचारपूस करायचा. त्यालाही तिनं हे सगळं सांगितलं होतं. त्याला त्या दिवशी खोकलासुद्धा आला नाही म्हणे. एवढंच बोलला की मी चोवीस वर्षं त्या माणसाचं ऐकलं, ताई, पण त्याच्या पोटात हे आहे याचा मला पत्ता नव्हता.

सात-आठ महिने असे गेले. मग वडिलांना ताप आला आणि उतरला तरी ते उठले नाहीत. खुर्चीतून खाटेवर आले. पुढच्या रविवारी ताईनं टीव्ही आतल्या खोलीत आणून लावला, रेसचं पुस्तक उशाशी ठेवलं, फोन हाताला लागेल असा ठेवला. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. दुपारी मोबाइल वाजला.

"पोरी, आज घोडा नको. ती येतेय का तेवढं सांग."

ताई म्हणते, मी काही ठरवलं नव्हतं, पण नाही म्हणायला जीभ उचलेना. "निघालीय, साहेब."

"किती वाजेपर्यंत पोचेल?"

"संध्याकाळ होईल."

त्यांनी फोन ठेवला आणि बाईला हाक मारली. मुलगी येतेय म्हणाले, दाढी करून द्याल का? ताईनं गरम पाणी आणलं, साबण लावला, खाटेच्या कडेला बसून त्यांची दाढी करायला घेतली. त्यांचा चेहरा तिच्या ओंजळीत होता. ते तिच्याकडेच बघत होते, इतक्या जवळून, आणि तिला वाटत राहिलं की आता, आता तरी. हनुवटीखालचं झाल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचा हात फार हलका आहे." मग स्वच्छ शर्ट मागून घेतला. तिनं तो त्यांना घातला, बटणं लावली, केसांवरून कंगवा फिरवला. दाराकडे तोंड करून बसायचं म्हणून पाठीला दोन उशा लावून दिल्या.

स्वतःच साडी नेसून पुन्हा बेल वाजवावी, असं तिच्या मनात आलं होतं. पण मागच्या वेळचा त्यांचा चेहरा आठवला आणि तिची हिंमत झाली नाही. ती त्यांच्याशेजारीच बसून राहिली. पाच वाजता त्यांनी किती वाजले विचारलं. साडेपाचला विचारलं, पावणेसहाला विचारलं. बस उशिरा असेल, असं ती म्हणाली. हो, उशीर होतोच, असं तेच तिला समजावून म्हणाले. दिवे लागल्यावर मात्र त्यांनी विचारायचं थांबवलं. ती काही खायला आणायला उठली तर म्हणाले, आत्ता नको, ती आली की बरोबरच खातो.

मंगळवारी दुपारी ते गेले. ताई घरातच होती. मला तिनंच फोन केला आणि मी लॅबमधून तशीच गेले. शेजारचे दोघंतिघं जमले होते. वडिलांचे गाल आत गेले होते, आणि ताई वाटीतली कवळी धुऊन घेत होती. कुणीतरी म्हणालं, राहू दे आता. तिनं ऐकलं नाही. खालची बसवली, मग वरची, अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिली, पेशंटची पाहतात तशी. चेहरा पहिल्यासारखा झाला. तेव्हा ती रडली, त्याआधी नाही.

तिसऱ्या दिवशी एक किरकोळ अंगाचा म्हातारा जिना चढून आला. दारात उभं राहून त्यानं आधी दम घेतला, मग खोकला, आणि आम्हाला कळलं कोण ते. तो वडिलांच्या रिकाम्या खुर्चीत बसला नाही, भिंतीशी स्टुलावर बसला. चोवीस वर्षं ज्याच्याशी बोललो त्याचा फोटो तरी दाखव, असं तो ताईला म्हणाला. ताईनं दाखवला. त्यानं तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, मला वाटलं होतं चांगले उंच असतील.

धाकटीला यायला चार दिवस लागले. ती आल्यापासून रडत होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, शेवटी माझी आठवण काढली का गं त्यांनी? ताईनं तिला जवळ घेतलं. "रोज," ती म्हणाली. "रोज तुझंच विचारायचे." मी बाजूला कपडे घडी घालत होते. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही.

महिनाभरानं ती कामावर रुळली. हात पहिल्यासारखाच चालतो. पण रविवारी दुपारी ती घरात थांबत नाही. नदीकडच्या बागेत एका बाकावर जाऊन बसते, असं तिच्या शेजारणीकडून कळलं, म्हणून एका रविवारी मी न सांगता तिथे गेले. तिनं सरकून मला जागा दिली. समोर लोक कुत्री फिरवत होते, दोन म्हातारे पायऱ्यांवर बसून पेपर वाचत होते. मी घरून डबा नेला होता, तो आम्ही खाल्ला. ताईनं डब्यातला उरलेला चुरा चिमण्यांना टाकला. मग म्हणाली, "निघालीय असं नको होतं मी सांगायला. नाही येत म्हटलं असतं तर त्यांनी वाट तरी पाहिली नसती."

 मी तिचा हात धरला. तो थंड होता, आणि नखांत नेहमीप्रमाणे प्लास्टर होतं. ऊन उतरेपर्यंत आम्ही तशाच बसलो, मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि आम्ही बस पकडायला निघालो.